ग्रेसीचा मोडलेला हात

मंडळी, आज बदलापूरला ग्रेसीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. चर्चच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला कविता उभी होती.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. ग्रेसी आणि मी अंबरनाथच्या कॉलेजकडून कबड्डी खेळायचो, कविता उल्हासनगरकडून. एका मॅचला तिच्या पकडीत ग्रेसीचा हात मोडला. आम्ही म्हणालो, "पुढच्या वेळी हिला बघून घेऊ."

ग्रेसी म्हणाली, "मी रोज प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागते. मग दुसऱ्याला द्यायला नको?"

कविताने धसक्याने खेळणंच सोडलं होतं. हे कळल्यावर ग्रेसी प्लास्टर घातलेल्या हाताने तिच्या घरी गेली.

"काय बोलली गं तेव्हा?" आज मी कविताला विचारलं.

"म्हणाली, उद्यापासून प्रॅक्टिसला जा. हात माझा मोडलाय, तुझा नाही."

मी तर कविताच्या घरी गेले नसते. तुम्ही गेला असता?