पुसलेली काच

बायको जाऊन वर्ष होत आलं. घरात एका जागी बसवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. एक दिवस सून म्हणाली, "मामाजी, पाय दुखत नाही काय तुमचे? घ्या, काही रंगवत बसा." आणि तिच्या माहेराहून आलेली पाण्याच्या रंगांची डबी पुढ्यात ठेवली.

मी शिकलो चौथीपर्यंत. रंग म्हणाल तर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, तेवढाच. पण काय काढायचं ते डोक्यात पक्कं होतं. सैपाकघराच्या छपरावर कवेलूंत एक काच बसवली आहे. सकाळी तिच्यातून चुलीपाशी उजेड उतरायचा, पिवळसर, मऊ. त्यात बसून बायको भाकरी थापायची. तो उजेड मला कागदावर पाहिजे होता.

पहिल्यांदा चित्रातली सगळी भिंत रंगवली आणि वरून पांढरा द्यायला गेलो. शिंगांवर तसंच करतो आम्ही. कागदावर नुसता राखेचा चिखल. सून हसली.

"पांढरा लावाचा नसते मामाजी. उजेड असन तिथं कागद कोरा सोडाचा."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही कोनाचं आयकता काय?"

हे बोलणं बायकोचं, सुनेनं तिच्याकडूनच उचललं. बायको सारखी म्हणायची, "चढून काच पुसा ना हो. पिठातला किडा दिसत नाही मले." मी हो हो करायचो. चढलो कधीच नाही.

म्हटलं, आता चित्र काढायचंच तर आधी काच पुसू. आतून शिडी लावली, राखेनं घासघासून पुसली. खाली उतरून पाहतो तर उजेड पांढराफटक, डोळ्यात खुपणारा. भिंतीचे पोपडे उघडे पडले. मऊपणा काचेचा नव्हताच. तिच्या चुलीच्या धुराचा होता. मीच पुसून टाकला.

आता घरात गॅस असून रोज सकाळी चूल पेटवतो. कापसाची ओली पऱ्हाटी घालतो, धूर जास्त होतो. सून खोकत येते.

"घर काळं करता काय मामाजी?"

"हाव."

"किती दिवस?"

काय सांगू? बायकोला तीस वर्षं लागली होती.

कागद पाटावर तसाच आहे, चुलीपुढची जागा कोरी ठेवून. मी बसतो, उठतो, वर पाहतो. काचेची एक कड जराशी पिवळी झाल्यासारखी वाटते. बोट लावून पाहिलं असतं, पण मी पुन्हा चढू नये म्हणून मुलानं शिडी शेतात नेऊन ठेवली.