पूजाच्या पोटावरचे पाच डाग

पट्टा आवळला आणि पूजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी थोडं होतं. सवय होईल." हे वाक्य मी चाळीस वर्षांत किती पेशंटना सांगितलं असेल, कोण जाणे.

इरा, नील, तुम्ही विचारता की आजी रिटायर झाली तरी क्लिनिकला का जाते. दिंडोरी रोडवरच्या एका ट्रस्टच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातले दोन दिवस मी फिजिओथेरपी करते. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिथे पूजा आली. वय एकवीस, लग्नाला आठ महिने. सोबत तिच्या सासूबाई, सुमनबाई. त्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती.

सगळं बोलल्या सुमनबाईच. "कंबर दुखती म्हणे हिची. फुलं तोडायला उभी राहत नाय. आमच्याकडं बाया कमरेला फडक्याची झोळी बांधत्यात, दोन्ही हातांनी तोडत्यात. ही बादली घेऊन एका हातानं तोडती. दोघी मिळून पाच सऱ्या करतो, त्यातली हिची एक."

"दुखतं का गं?" मी पूजाला विचारलं.

"हो. कंबर," ती खाली बघत म्हणाली.

ती वाकून उभी राहायची. पाठीचे स्नायू खरंच कडक होते. सोबत आणलेला MRI नॉर्मल होता. स्नायू आखडलेत, असा नेहमीचा निष्कर्ष मी काढला, व्यायाम दिले आणि कमरेचा पट्टा दिला.

चार दिवसांनी दोघी परत आल्या. पट्टा पिशवीत होता.

"ही घालतच नाय," सुमनबाई म्हणाल्या. "घरात गाऊन घालून बसती. साडी म्हटली की तोंड पाडती. येत्या रविवारी हिचा भाऊ येतोय न्यायला. बरी झाली की येईल परत. दसरा तोंडावर आलाय, मी फुलं तोडू का हिच्याकडं बघू?"

पूजाने माझ्या टेबलाची कड घट्ट धरली. 'बरी झाली की' म्हणजे कदाचित कधीच नाही, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

मी सुमनबाईंना बाहेर चहा घ्यायला पाठवलं. मग पूजाला म्हटलं, "शब्दात सांगू नकोस. बोट ठेव."

तिने बोट ठेवलं ते पोटावर. बेंबीच्या उजवीकडे, परकराची नाडी बसते नेमक्या त्या जागी. तिथे एक फिकट, चकचकीत डाग होता. बेंबीभोवती असे पाच होते, पण दुखणारा हाच. मी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा फिरवला. बाकी पोटावर तिला गुदगुल्या झाल्या. त्या डागाजवळ येताच ती उडाली.

"कसं वाटलं?"

"मिरची चोळल्यासारखं. लहानपणापासून आहे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, तिथं सगळ्यांनाच असं होतं." माहेरी ती लेगिंग खाली सरकवून घालायची. लग्नानंतर साडी आली, नाडी आली, झोळी आली. नाडी टोचू नये म्हणून ती वाकायची आणि वाकून पाठ दुखायची. सासूसमोर पोट दाखवायची लाज वाटली, म्हणून कंबर सांगितली.

सुमनबाईंना आत बोलावलं. त्यांनी डाग पाहिले आणि लगेच ओळखले. "बिब्बा हाय हा. पोट फुगलं की लेकराला घालत्यात. माझ्या पोराला बी हायेत. तो कुठं रडतो?"

तुमच्यासाठी सांगते. बिब्बा हे एक काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल गळतं. त्याचे टिपके बाळाच्या पोटावर देतात. ते तेल कातडी जाळतं.

"मुलाला कितव्या वर्षी दिलात?" मी विचारलं.

"असंल वर्षाचा."

आपल्याला कधी दिला ते विचारायला पूजाने तिथूनच आईला फोन लावला. उत्तर आलं: पाचवी पूजायच्या आधी. म्हणजे जन्मून पाच दिवसही झाले नव्हते.

नवजात बाळाच्या कातडीत नसांची टोकं अजून जागा शोधत असतात. तेव्हा जखम झाली तर त्या जागी नसा गरजेपेक्षा दाट उगवू शकतात. जखम भरते, पण नसांची गर्दी राहते, आणि साधा स्पर्शही दुखणं म्हणून मेंदूकडे जातो. प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. पूजाच्या बाबतीत हेच घडलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. डाग किती खोल गेला, यालाही महत्त्व असतं. पण सगळं जुळत होतं.

सुमनबाई त्या डागाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे नाटक नाय करत ही."

"नाही. आणि चूक माझीही आहे. दुखतं तिथेच मी पट्टा आवळला."

"मंग तुमीच सांगा आता काय करायचं."

क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासून बधिर करणारं मलम दिलं. मी कातडीला स्पर्शाची सवय लावायचं काम घेतलं. आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल, शेवटी झोळीचं फडकं. दिवसातून पाच वेळा, दोन-दोन मिनिटं, दुखायला लागायच्या आत थांबायचं. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून घ्यायला सांगितलं. त्याचं माप सुमनबाईंनी स्वतः घेतलं.

"रविवारचं काय?" दोघी निघाल्या तेव्हा मी विचारलं.

"येऊ द्या की भावाला. जेवून जाईल." पूजाकडे न बघता त्या म्हणाल्या, "आन् तू गं, आधी सांगितलं असतं तर जीभ झडली असती का?"

"तुम्ही बोलू दिलं असतं तर सांगितलं असतं, आई."

मला वाटलं आता भांडण होणार. सुमनबाई हसल्या.

दसऱ्याला पूजाने सकाळभर झोळी बांधून फुलं तोडली. दुपारी सोडली. पूर्ण बरी झालेली नाही, कदाचित होणारही नाही. पण ती ताठ उभी राहते. दिवाळीत पूजाच्या नणंदेला मुलगी झाली. बाळाचं पोट फुगलं तेव्हा सुमनबाई बाळाला घेऊन थेट क्लिनिकला आल्या. सोबत पूजा होती, साडीत.

माझ्या केस पेपरवर मी आता एक ओळ वाढवली आहे: नातेवाईक बाहेर, पेशंटचं बोट दुखऱ्या जागी, मगच बाकीचे प्रश्न. चाळीस वर्षांनी सुचली, पण सुचली.