खुशालीचं चित्र

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली. समोरच्याचं सगळं त्यांना समजायचं, पण बोलता यायचं नाही. डॉक्टरांनी चित्रांची कार्डं करायला सांगितली, म्हणून मी पाणी, चहा, चष्मा, पंखा असं एकेक काढलं. बाबा चित्रावर बोट ठेवायचे आणि आम्ही ती वस्तू द्यायचो. तरी ते चिडलेलेच असायचे.

एका दुपारी त्यांचे जुने मित्र भेटायला आले. गुलमंडीत दोघांची कापडाची दुकानं शेजारी-शेजारी होती. मी त्यांना चाचा म्हणते. चाचांनी कार्डं चाळली आणि ते म्हणाले, "बेटा, यात नुसतं मागणंच आहे. खुशाली कुठंय? दुकान उघडलं की तुझे बाबा आधी माझी खुशाली विचारायचे."

"तिचं चित्र कसं काढू?"

"मूळ शब्द खुशहाली. खुश म्हणजे चांगला, हाल म्हणजे अवस्था. मराठीत येऊन त्या हालाचे लई हाल झाले, ते सोड." ते स्वतःच हसले. "दोन माणसं काढ, समोरासमोर बसलेली."

मी काढली. बाबांनी ते कार्ड बराच वेळ पाहिलं. मग चित्रावर बोट ठेवलं आणि तेच बोट चाचांकडे केलं.

चाचांनी खुर्ची पुढं ओढून गुडघेदुखी, सुनेची नवी नोकरी, बाजारातली मंदी, सगळं सविस्तर सांगितलं. आजारपण आल्यापासून बाबांना कुणी स्वतःचं काही सांगितलंच नव्हतं. ते मान हलवत ऐकत राहिले, मधेच हसलेसुद्धा.