मोडलेल्या बिडीचा हेवा

ये, इकडे सरक. इतक्या दूर काऊन बसली? गोंदियाहून येते अन् बूड टेकायच्या आत परत पळते. आजी काय नुसती चहापुरती आहे? बस. मघाशी तू म्हणाली, कामावर मालकानं पंखा लावला, चहा देतो, त्याचे लय उपकार आहेत. त्याच्यावरच सांगून राहिली मी.

गोऱ्यांचं राज होतं. मी बिडीच्या कारखान्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. संध्याकाळी फाटकात शेठचा मुनशी झडती घ्यायले उभा. "पल्लू झटक!" रोजचंच. एक दिवस माझ्या पदरातून चिमूटभर जर्दा पडला. वळताना उडालेला. त्यानं भर रस्त्यावर मले ओचा सोडायले लावला. "तुम्हारी जात ही चोर." मी सोडला. बाया खाली पाहत होत्या. येणारेजाणारे थांबून पाहत होते.

अन् चोर कोण? वाईट म्हणून आमच्या बिड्या तो टोपलीत टाकायचा. छाट म्हणत तिले. छाटीची मजुरी नाही. मग तीच छाट मागच्या खोलीत कट्ट्यात, म्हणजे पुडक्यात, बांधून बाजारात जायची. साऱ्यांले माहीत. बोललं कोणी नाही. मीही नाही.

समोर नवा कारखाना झाला होता. माझी शेजारीण सरू तिकडं गेली. तिथं मांडव, लेकरांले झोके. रोज भिंतीपलीकडून सांगायची, "आज तं माझ्या लय बिड्या मोडल्या, बाई!" अन् हसायची. तिथं छाट बाईच्या डोळ्यापुढं मोडत, जर्दा सुपात परत देत. मले ना मांडवाचा हेवा, ना झोक्याचा. मोडलेल्या बिडीचा हेवा वाटायचा. तिची मोडायची, माझी चोरीले जायची. काळीज नुसतं जळायचं. तिची भाकर करपो, असंही म्हटलं मी मनात. बोलणंच टाकलं तिच्याशी.

ओचा सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडला. माझ्यामागं हाताच्या चांगल्या बाया निघाल्या. जुन्या शेठजवळ नवशिक्या पोरी उरल्या. त्यांची बिडी ढिली, दोन झुरक्यात विझे. दुकानदार माल परत करू लागले. मग मुनशी माझ्या दारात. "चल बाई, अब पल्लू नहीं झटकवाएंगे."

"पदर माझा हाये," म्हटलं. "तू कोन सूट देनारा?"

रस्ता ओलांडला त्याच दिवशी नव्या मालकाले मी हात जोडले होते. तो हसला. "धरम नाही करून राहिलो, बाई. चांगले हात माझ्या दारी यावे म्हनून झोके बांधले. बिडी चांगली जळते, माल खपते."

त्याच दुपारी तहान लागली. माठ दोन. एक मांडवात, एक उन्हात. सरू म्हणे, "आपल्या जातीचा तो उन्हातला."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू बोलत होती का माझ्याशी? जळून राहिली होती ना!"

मी उठली. मांडवातल्या माठात आपल्या हातानं लोटा बुडवला. प्याली. तिथला मुनशी धावला. साऱ्या सुपांवरचे हात थांबले. मग सरू उठली, तीही प्याली. मालकानं माझ्याकडं पाहिलं. थांबलेल्या हातांकडं पाहिलं. समोरच्या जुन्या कारखान्याच्या ओस फाटकाकडं पाहिलं.

"बसा. काम करा," एवढंच बोलला.

त्याले माझी दया नव्हती आली. माझे हात पाहिजे होते. ते समजलं त्या दिवसापासून मी कोणत्या मालकापुढं हात जोडले नाहीत. जोडणार नाही. मरेपर्यंत नाही.

तू पंख्याखाली बस, चहा पी. तो तुझ्या हातांसाठी आहे, उपकार नाही. पण तुझा कप वेगळा ठेवतात का, ते पाहा. ठेवत असतील तर उठ.

अन् लवकर येत जा, पोरी. आता महिना महिना लावू नको. माठ दारातच आहे, साऱ्यांसाठी एकच.