घरचा झेंडा

त्या शनिवारी सकाळपासूनच वॉप्के घरात येरझाऱ्या घालत होता. बायको असती तर म्हणाली असती, "खेळणार पोरं, आणि घाम फुटायचा तुम्हाला!" पण ती आता नव्हती. घरात राहिले होते बाप आणि लेक, आणि त्यांचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, गाडीची किल्ली कुठेय. बस्स.

खरं बोलणं व्हायचं ते मैदानावर. मुलगा योरित ओस्टरवीर गावच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायचा, अगदी कडेच्या रेषेला लागून. आणि त्या रेषेवर पिवळा झेंडा घेऊन कोण? वॉप्के. आठवडाभर गोठ्या-गोठ्यातून दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायची आणि शनिवारी गावचा लाइन्समन व्हायचं, हे त्याचं आयुष्य. लीगमधल्या खालच्या वर्गाच्या सामन्याला संघटना फक्त रेफ्री पाठवते, झेंडेवाला ज्याचा त्याने आणायचा. मग काय होणार? ज्याचा झेंडा त्याच्या गावाकडे झुकणार. शेजारच्या हालम गावच्या झेंडेवाल्याला ओस्टरवीरचा प्रत्येक माणूस ऑफसाइड दिसायचा, वॉप्केला हालमचा. त्यात कुणाला लाजही वाटत नसे. रेफ्रीसुद्धा खेळाआधी हात मिळवताना हसून सांगायचे, "बॉल बाहेर गेला आणि ऑफसाइड झाला, एवढंच बघा हं. बाकी माझ्यावर सोडा."

त्या दिवशीचा रेफ्री क्लोस्टरमन, उंच, हडकुळा, त्यानेही तेच सांगितलं. वॉप्केने मान डोलावली खरी, पण त्याचे डोळे योरितला शोधत होते. हंगामाचा शेवटचा सामना होता, हालमशी. बरोबरी झाली तर ओस्टरवीर वर्गात टिकणार, हरलं तर आणखी खालच्या वर्गात. आणि योरितला याआधीच दोनदा लाल कार्ड मिळालेलं. क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी, योकेबाईंनी, कँटीनमध्ये सगळ्यांदेखत बजावलं होतं, "तिसऱ्यांदा बाहेर गेलास ना, तर तुझा शर्ट काढून घेईन. तुझ्या बापाकडे बघूनही थांबायची नाही मी!" पोराचा शर्ट गेला तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला की बाप-लेकाकडे राहतं काय? मीठ आणि दार.

समुद्राच्या बांधावरून वारा नुसता घोंघावत होता. शून्य-शून्य. खेळ संपत आला तसं सगळं गाव नखं खायला लागलं. हालमचा नऊ नंबर, टाम्मे नावाचा बेकरीतला पोरगा, योरितला सारखा चिकटलेला. अंगाला अंग, खांद्याला खांदा, पण खेळत होता सरळ.

"बाबा, हा माझ्या डोक्यात जायला लागलाय," पळता पळता योरित पुटपुटला.

"डोकं थंड ठेव रे बाबा. थोडाच वेळ राहिलाय."

तेवढ्यात ओस्टरवीरने पलीकडच्या टोकाला मुसंडी मारली. सगळ्यांचे डोळे तिकडे, रेफ्री तिकडे धावतोय, कँटीनमधली बाई क्रोकेट तळायचा झारा हातात घेऊन दारात आलेली. अलीकडच्या अर्ध्यात, ओस्टरवीरच्याच गोलासमोरच्या चौकोनात, फक्त योरित आणि टाम्मे. वॉप्के मात्र या दोघांकडेच बघत होता. त्याला माहीत होतं हो, बापाला कळतं.

योरितने एकदा मान वळवून रेफ्रीची पाठ पाहिली, आणि टाम्मेच्या तोंडावर कोपर हाणलं. टाम्मे कोसळला. आणि त्यानंतर, हे नीट ध्यानात ठेवा, त्यानंतर पलीकडून ठण्ण आवाज आला. बॉल आडव्या दांडीला लागून वरून बाहेर गेला होता. गाव "अरेरेरे!" म्हणून हळहळलं.

वॉप्केचा झेंडा वर होता. कधी केला, कसा केला, देव जाणे. हातानेच केला.

क्लोस्टरमन वळला तर पिवळा झेंडा वर, आणि चौकोनात दोघं लोळतायत. हो, दोघं. योरितही तोंड धरून पडला होता, नाटकी कुठला! क्लोस्टरमन धावत आला.

"मारामारी?" त्याने विचारलं. "नऊ नंबरने ना?"

रेफ्री तरी दुसरं काय समजणार? घरचा झेंडा घरच्याविरुद्ध वर गेलेला त्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणी पाहिलेला नव्हता.

वॉप्केने योरितकडे पाहिलं. त्याने नुसता झेंडा खाली घेतला, आणि क्लोस्टरमनने ते 'हो' धरलं. त्याने टाम्मेला लाल कार्ड दाखवलं आणि ओस्टरवीरला फ्री किक दिली, जिथे मार बसला तिथूनच. बॉल खेळात असला की, कुठे का असेना, गुन्हा जिथे घडला तिथून खेळ सुरू व्हायचा, हा नियम. योरित टुणकन उठला आणि बॉल मांडायला लागला. हालमवाले बोंब मारत होते, गाव टाळ्या पिटत होतं.

टाम्मे मात्र ओरडला नाही. फुटलेला ओठ शर्टाने पुसत तो वॉप्केसमोरून बाहेर निघाला, आणि थांबला.

"काका, तुम्ही तर बघितलंत ना?"

एकदा का बॉलला लाथ बसली की संपलं, मग रेफ्रीलाही निर्णय फिरवता येत नाही. योरित चार पावलं मागे सरला. क्लोस्टरमनने शिट्टी ओठांना लावली. वॉप्के मनाशी घोकत होता, गप्प राहा, गप्प राहा, एक लाथ बसली की सुटलास. पण त्या ओठावरून त्याची नजर हटेना.

"थांबा!" तो ओरडला आणि झेंडा हलवत सरळ मैदानात घुसला. "थांबा हो साहेब! उलटं झालंय. याने नाही मारलं. पाच नंबरने मारलं."

पाच नंबर म्हणजे योरित. मैदान चिडीचूप झालं.

"तुमच्या माणसाने?" क्लोस्टरमनला खरंच वाटेना.

"माझ्या मुलाने."

क्लोस्टरमनने शिट्टी खाली घेतली आणि आवाज हळू केला. "हे बघा, नीट आठवून सांगा. मारलं तेव्हा बॉल खेळात होता, की बाहेर गेला होता? बाहेर असेल तर लाल कार्ड तेवढं, खेळ त्यांच्या गोलकिकने सुरू. खेळात असेल तर पेनल्टी."

"बाहेर होता!" योकेबाई कठड्यावरून किंचाळल्या. "वॉप्के, बाहेर होता म्हणून सांग!"

गावाला वाचवायची ती शेवटची फट होती. वॉप्केने डोळे मिटले. कोपर, आणि मग ठण्ण. कितीही उलटंपालटं केलं तरी आधी कोपर.

"खेळात होता," तो म्हणाला. "दांडीचा आवाज नंतर आला."

योरितला लाल कार्ड मिळालं, टाम्मेला परत बोलावलं, त्यानेच पेनल्टी मारली, गोल झाला. ओस्टरवीर खाली गेलं. योरितने शर्ट अंगातून ओढून काढला आणि योकेबाईंच्या पायाशी टाकला. कँटीनमध्ये वॉप्केला कुणी कॉफी विचारली नाही. विचारणार कोण?

तो गाडीत जाऊन बसला. बऱ्याच वेळाने दार उघडून योरित शेजारी बसला. केस ओले, डोळे लाल.

"इतकी वर्षं तुमचा झेंडा आपल्याकडे झुकला, बाबा. नेमका आजच तुम्हाला खरेपणा सुचला?"

वॉप्के झेंडा काठीला गुंडाळत राहिला.

"आणि कोपर कधी मारायचं ते शिकलो कुणाकडून? रेफ्रीची पाठ बघायची आणि मग हाणायचं. कँटीनमध्ये तुमचीच गोष्ट सांगतात ना अजून, तुम्ही खेळायचात तेव्हाची, हालमच्या त्या फॉरवर्डला कोपर हाणल्याची? लहानपणापासून ऐकतोय. सगळे पोट धरून हसतात."

"त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही," वॉप्के म्हणाला. "गुरांच्या बाजारात भेटतो कधीकधी. मी रस्ता बदलतो."

योरितने मान वळवून बापाकडे पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वॉप्केने किल्ली फिरवली, पण गाडी काही सुरू होईना.

"माझ्या वेळी कुणी झेंडा वर केला नाही रे," तो म्हणाला.