अक्कांचा व्हिडिओ आणि माझं इंग्रजी

शेजारच्या अक्कांचा व्हिडिओ ज्या तक्रारीने बंद पडला, ती मी लिहिली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

धुळ्याला देवपुरात आमच्या दोन घरांत भिंत एकच. अक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा त्यांचं बोलणं मोबाइलवर धरायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. गल्लीतला नवाकोरा रस्ता उखडला, तेव्हा अक्का त्यावरच उभ्या राहून म्हणाल्या, "हाऊ रस्ता शे का पापड? पाय ठेवताच मोडस!" लोकांनी तो व्हिडिओ पार जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावापर्यंत फिरवला.

रस्त्याचा ठेकेदार म्हणजे जळगावचा माझा साडू. "तुमचं इंग्रजी चांगलं," तो म्हणाला, "व्हिडिओवाल्या कंपनीला लिहा माझ्या नावाने. कायद्याचं कलम टाकलं की घाबरतात ते." मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. लिहिलं: खोटी माहिती, बदनामी, अमुक कलम. रस्ता मीही रोज तुडवत होतो, तरी लिहिलं. घरात वाद नको, एवढंच तेव्हा वाटलं.

कंपनीने तक्रारीची प्रत अक्कांच्या मुलाला पाठवली. तो ती घेऊन माझ्याकडेच आला. "सर, जरा मराठीत सांगा ना, काय म्हणतात हे?" माझीच वाक्यं मी परक्याची असल्यासारखी त्याला समजावून दिली. वर सल्ला दिला, "कायद्याचं काम आहे. गप्प बसा."

तो गप्प बसला. त्यानंतर त्याने एकही व्हिडिओ केला नाही. रस्त्याचा तो व्हिडिओ उघडला की आता फक्त एक ओळ दिसते, तुमच्या देशात उपलब्ध नाही. कॅनडातल्या नातीला मात्र तो दिसतो. परवा फोनवर ती त्यावरून हसत होती. फोन ठेवून अक्कांनी मला ओट्यावरून हाक मारली.

"मास्तर, तठे दिखस, मंग आठे काबर नही?"

"तिथला कायदा वेगळा, अक्का."

"म्हंजे मी फक्त आठेच खोटी शे?"

आपल्या जिभेने लेकाला गोत्यात आणलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मुलाने मोबाइल हातात घेतला तरी तोंडाला पदर लावतात.

अक्का, तुम्ही खोटं बोलला नव्हतात आणि ती तक्रार मी लिहिली होती, हे मला त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.