संहती शिकवणारे सर

"चाखून सांग, माझं तोंड पाहून नोको सांगू!" आमचे रसायनशास्त्राचे सर पेला पुढे करून असं म्हणाले, की अकरावीची पोरं खुदकन हसायची.

आंधळगावात ते आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. माझा विषय मराठी. पण तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गाबाहेर रेंगाळायचो.

द्राव्यता आणि संहती यांत मुलं दरवर्षी घोटाळा करायची. सर घरून दोन पेले आणायचे. दोन्हींत चमचाभर साखर; एकात पाणी अर्धं, दुसऱ्यात काठोकाठ.

"साखर तेवढीच, मंग हा जास्त गोड काहून?"

"पाणी कमी हाय, सर," एका वर्षी एक मुलगी म्हणाली.

"हेच संहती. कितीत किती, थे. अन् द्राव्यता म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त किती मावते, थे."

मग चुन्याची निवळी दाखवायचे. "यात चुना नावालेच हाय. तरी पाणी आणखी चुना घेत नाही. भरलेलं म्हणजे घट्टच, असं नसते बाप्पा!"

त्याच वर्षी सरांचे पाय सुजू लागले. बूट गेले, चपला आल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत होती. एक दिवसाआड भंडाऱ्याला डायलिसिस सुरू झालं. उरलेल्या दिवशी सर वर्गावर. एवढं बोलूनही पाण्याला हात लावत नाहीत, हे त्याच मुलीनं हेरलं.

"सर, तुमी पाणी काहून नाही पीत?"

मला वाटलं, सर विषय बदलतील. त्यांनी खडू उचलला.

"प्यालेलं पाणी माह्या अंगातून बाहेर पडत नाही. अन् रक्तातला मळ बी नाही. म्हणून यंत्र लागते. त्यात पातळ पडदा असते. इकडं माझं रक्त, तिकडं साफ द्रावण. मळाची संहती इकडं जास्त, म्हणून मळ तिकडं जाते." फळ्यावरचा बाण त्यांनी दोनदा गिरवला. "लिवून घ्या. रडून काय होते?"

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. सर बर्फाचा छोटा खडा चघळत बसले होते. वहिनींनी मला खुणेनं मागच्या दारी बोलावलं आणि तिथं पाण्याचा पेला दिला.

"यांच्यासमोर कोणालेच पाणी देत नाही, भाऊजी. मी बी इथंच येऊन पितो." मग हळूच म्हणाल्या, "माझी किडनी द्यायले तयार होतो मी. तपासणीत मलेच साखरेची बिमारी निघाली."

मी आत आलो. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"तिनं बाहेर पाणी देल्लं ना?" ते म्हणाले. "तिले वाटते, मले समजत नाही. तुमी सांगू नोका."

मी सांगितलं नाही.

पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत सर सकाळच्या बसनं भंडाऱ्याला गेले. यंत्रावर असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं.

कोणत्याही शाळेत पाहा, शिक्षक नसलेला वर्ग दूरवरून ऐकू येतो. ते गेल्यावर त्यांच्या तासाला मात्र आमच्या व्हरांड्यात चिटपाखरूही नसल्यासारखं वाटायचं. नवे शिक्षक येईपर्यंत प्राचार्यांनी मला आता बारावीत गेलेल्या त्या वर्गावर पाठवलं. मी कवितेचं पुस्तक उघडलं.

ती मुलगी उभी राहिली.

"सर, या तासाले काही शिकवू नोका. नुसते बसा."

मी पुस्तक मिटलं आणि बसलो.